लंडीखाना नावाचं स्टेशन आणि यादीतलं नाव

१० ऑगस्ट २०२५ ला ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर गेले. पुण्याजवळ त्यांचं निधन झालं. वायुसेनेने श्रद्धांजली वाहिली, पेपरात बातम्या आल्या, ‘पाकिस्तानच्या कैदेतून पळालेला वैमानिक’ म्हणून जुने फोटो दोन-तीन दिवस फिरले आणि मग सगळं शांत झालं. ज्या रात्रीमुळे त्यांचं नाव झालं, त्या रात्रीला ५३ वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा जेमतेम तीन दिवस बाकी होते.

बातम्यांमध्ये पलायनाचा थरार होता. तो आहेच, आणि खाली सांगतोच. पण या गोष्टीत अजून एक धागा आहे आणि तो फारसा कुणी उचलत नाही. शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक जिवंत घरी येतो की नाही, हे नेमकं कशावर ठरतं? शौर्यावर? थोडंफार. नशिबावर? बरंचसं. पण सगळ्यात जास्त ठरतं ते दोन साध्या गोष्टींवर: त्याचं नाव कुणीतरी कागदावर लिहिलंय का, आणि ज्याच्या ताब्यात तो आहे तो माणूस कसा आहे. परुळकरांच्या नशिबात दोन्ही होतं. सगळ्यांच्या नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो.

परुळकर मार्च १९६३ मध्ये वायुसेनेत दाखल झाले. दोनच वर्षांत १९६५ चं युद्ध आलं. एका मोहिमेत जमिनीवरून झालेल्या गोळीबारात त्यांच्या विमानाला मार बसला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. लीडरने सल्ला दिला, इजेक्ट हो, म्हणजे विमान सोड आणि पॅराशूटने उतर. त्यांनी ऐकलं नाही. जखमी खांद्याने ते मोडकं विमान तळावर परत आणलं. त्याबद्दल वायुसेना मेडल मिळालं, तेव्हा ते साधे फ्लाइंग ऑफिसर होते.

नंतर ते सहकाऱ्यांना सांगायचे, की कधी विमान पडलं आणि पकडला गेलो, तर मी कैदेत बसून राहणार नाही, पळणार. अशी वाक्यं मेसमध्ये गप्पा मारताना पुष्कळ जण बोलतात. या माणसाने ते खरं करून दाखवलं.

१९७१ साली ते २६ स्क्वॉड्रनमध्ये होते, विमान सुखोई-७. हल्ली सुखोई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याच्या लोहगाववरून उडणारं दोन इंजिनांचं सुखोई-३० येतं. हे ते नव्हे. सुखोई-७ हे एका इंजिनाचं, एका माणसाचं, जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करायचं विमान. रणगाडे, तोफा, रेल्वे यार्ड यांच्यावर खाली येऊन बॉम्ब आणि रॉकेट टाकायची. खाली यायचं म्हणजे खालच्या प्रत्येक तोफेच्या आणि मशीनगनच्या टप्प्यात यायचं. त्या युद्धात आपली सुखोई-७ बऱ्यापैकी पडली, आणि त्यातली बरीच जमिनीवरच्या माऱ्याने पडली. विमान दणकट होतं, पण काम तसं होतं.

१० डिसेंबर १९७१. शकरगढ भागात आपलं सैन्य जफरवालच्या दिशेने पुढे सरकत होतं, लढाई ऐन भरात होती. जफरवालजवळ परुळकरांचं विमान पाडलं गेलं. ते पॅराशूटने बाहेर पडले आणि पकडले गेले.

पाडलेल्या वैमानिकासाठी सगळ्यात धोक्याची वेळ कुठली, माहितीये? कैदखाना नाही, चौकशीही नाही. जमिनीवर पाय टेकल्यानंतरचा पहिला अर्धा तास. आजूबाजूला ज्यांच्यावर बॉम्ब पडलेत ते लोक असतात, हातात काठ्या असतात, आणि कायदा सांगणारं कुणी नसतं. सैन्य किंवा पोलीस वेळेत पोचले तर माणूस वाचतो. कैदेत पोचणं हीच पहिली सुटका असते. परुळकर पोचले.

त्यांना रावळपिंडीच्या कॅम्पमध्ये नेलं. हळूहळू तिथे वायुसेनेचे बारा अधिकारी जमा झाले. विंग कमांडर कोएल्हो सगळ्यांत सीनियर. स्क्वॉड्रन लीडर जाफा होते, कामत होते. फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव होते. त्यांची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येतो. भार्गव मरुत विमान घेऊन सिंधच्या वाळवंटात पडले. त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं, मी पाकिस्तानी वायुसेनेचा, नाव मन्सूर अली खान. काही तास हे चाललंसुद्धा. मग कुणीतरी म्हणालं, कलमा म्हणून दाखवा. झालं, तिथेच पितळ उघडं पडलं.

या कॅम्पचा प्रमुख होता पाकिस्तानी वायुसेनेचा स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद. हे नाव लक्षात ठेवा. सुरुवातीला एकांतवास होता, चौकशी होती, ते काही सुखाचं नव्हतं. पण हमीद कैद्यांशी माणसासारखा वागला. नाताळाला त्याने त्यांच्यासाठी केक आणला. कैद्यांना हळूहळू एकमेकांत मिसळू दिलं. रेड क्रॉसचे लोक येऊ लागले, घरून पत्रं आणि पार्सलं येऊ लागली.

इथे जिनिव्हा कराराबद्दल चार ओळी. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याने स्वतःचं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक एवढंच सांगायचं असतं. कॅम्पमध्ये पोचल्यापासून आठवड्याभरात त्याला घरी आणि केंद्रीय कचेरीला एक कार्ड पाठवू द्यावं लागतं, की मी इथे आहे. अधिकाऱ्याला दर महिन्याला पगारातली काही उचल द्यावी लागते, कॅप्टनच्या दर्जापर्यंत ५० स्विस फ्रँक इतकी. कलम ११८ सांगतं, की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडा. आणि पळून जायचा प्रयत्न करून पकडला गेलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, जास्तीत जास्त ३० दिवस. म्हणजे पळून जाणं हा गुन्हा नाही, हे शत्रूलाही मान्य करावं लागतं.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात काय झालं? लढाई १७ डिसेंबरला थांबली. विनाविलंब सुटका? महिने जात राहिले. कारण आपल्याकडे पूर्वेत शरण आलेले सुमारे ९३,००० पाकिस्तानी होते. बांगलादेशला त्यांच्यातल्या काहींवर खटले भरायचे होते. भुट्टो बांगलादेशला मान्यता द्यायला तयार नव्हते. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, पण कैद्यांचा प्रश्न तिथेही सुटला नाही. उगाच एकाच बाजूकडे बोट दाखवायला नको. ते ९३,००० शेवटी परत गेले ते १९७४ च्या एप्रिलपर्यंत. कैदी म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावरचं नाणं झालं की कलम ११८ कुणाला आठवत नाही, दिल्लीतही नाही आणि इस्लामाबादलाही नाही.

तर १९७२ चा उन्हाळा. युद्ध संपून सहा महिने झालेत. कॅम्पमध्ये मारहाण नाही, उपासमार नाही. आज ना उद्या सोडतील असं सगळ्यांना वाटतंय. मग पळायचं कशाला? पळताना गोळी लागली तर? मागे राहिलेल्यांवर राग निघाला तर? हे प्रश्न तेव्हाही होते, आणि आज आपण आरामात बसून वाचतानाही पडतात. परुळकरांचं उत्तर सरळ होतं. सैनिक कैदेत गेला म्हणून त्याची नोकरी संपत नाही. तारीख दुसरं कुणी ठरवणार आणि आपण वाट बघत बसणार, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्याबरोबर जायला तयार झाले फ्लाइट लेफ्टनंट मलविंदर सिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी.

तयारी कशी केली ते वाचण्यासारखं आहे, कारण यात सिनेमासारखं काही नाही. सगळं घरगुती जुगाड आहे.

भिंत फोडायची होती. हत्यारं कुठली? सुरी, कात्री, स्क्रूड्रायव्हर, असलं जे हाती लागलं ते. पाच नंबरच्या कोठडीत भिंतीचा आतला गिलावा खरवडून विटा एकेक करून सैल केल्या. माणूस आडवा सरकून जाईल एवढं भोक. बाहेरचा गिलावा मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत तसाच ठेवायचा, म्हणजे रस्त्यावरून कुणाला काही दिसायला नको. दिवसभर पहारेकरी आत-बाहेर करणार, त्यांच्या नजरेला भोक पडू द्यायचं नाही. जे पळणार नव्हते तेही यात सामील होते. कुणी पहारेकऱ्यांना गप्पांत गुंतवायचं, कुणी लक्ष ठेवायचं. श्रेय तिघांना मिळालं, पण काम सगळ्या कॅम्पचं होतं.

पैसे? त्या महिन्याच्या उचलीतून वाचवले. कपडे? पठाणी पोशाख जमवले. पाण्यासाठी पखाल हवी होती. वैमानिक जो जी-सूट घालतात त्यात हवेने फुगणाऱ्या रबरी पिशव्या असतात, विमान जोरात वळताना रक्त पायात उतरू नये म्हणून. तीच पिशवी काढून पाण्याची केली. पॅराशूटच्या कापडाच्या पाठपिशव्या शिवल्या. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. सुकामेवा आणि डब्यातलं घट्ट दूध साठवलं. आणि नकाशा? शाळेत वापरतात तो ऑक्सफर्डचा ॲटलस.

हा ॲटलस महत्त्वाचा आहे.

रावळपिंडीहून पूर्वेला भारत. पण युद्धानंतरची ती सीमा म्हणजे सुरुंग, खंदक आणि दोन्हीकडचं सैन्य. अंधारात तिथे जाणं म्हणजे आपल्याच माणसाची गोळी खाण्याचीही तयारी. पश्चिमेला अफगाणिस्तान. पेशावर, मग खैबर खिंड, मग तोरखमची सीमा. तिकडे लढाई झाली नव्हती. अफगाणिस्तानात पोचलो की सुटलो, आणि जिनिव्हा कराराप्रमाणेही पलायन यशस्वी. म्हणून पश्चिम. ॲटलसमध्ये दिसत होतं की पेशावरहून रेल्वे खैबर खिंडीतून जाते आणि सीमेच्या अगदी जवळ, लंडीखाना नावाच्या स्टेशनावर संपते. ठरलं. लंडीखान्यापर्यंत पोचायचं, तिथून डोंगरातून पायी.

एक प्रयत्न आधी रद्द करावा लागला. मग १२ ऑगस्टची रात्र आली. दोन दिवसांवर पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, पहारेकरीही जरा सणाच्या मूडमध्ये. रात्री जोराचं वादळ सुटलं, विजा कडाडायला लागल्या. बाहेरचा चौकीदार डोक्यावर पांघरूण ओढून बसला. तिघांनी बाहेरचा गिलावा फोडला आणि एकामागून एक सरकून बाहेर पडले. आता रस्त्यावर मध्यरात्री तीन माणसं, लपणार कुठे? पण त्याच वेळी सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला. थेटरातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत हे तिघे मिसळले आणि चालायला लागले. बसस्टँडवर जाऊन पेशावरची बस पकडली.

पहाटे पेशावर. तिथून टांग्याने जमरूदच्या रस्त्याला. थोडं चालणं, मग खैबर खिंडीतून जाणारी बस, आणि १३ ऑगस्टच्या सकाळी तिघे लंडी कोतलला उतरले. कोठडीतून निघाल्यापासून जेमतेम नऊ-दहा तास झाले होते. तोरखमची सीमा तिथून सात-आठ किलोमीटर. चालत दोन तास. कॅनेडियन लेखिका फेथ जॉन्स्टन यांनी या पलायनावर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ आहे.

आणि इथे माशी शिंकली.

त्या भागात बाहेर पडणारा प्रत्येक पुरुष डोक्याला काहीतरी घालतो. यांची डोकी उघडी. म्हणून परुळकरांनी बाजारात टोप्या घेतल्या. मग चहाच्या टपरीवर विचारलं, लंडीखान्याला कसं जायचं?

आता लंडीखान्याची गोष्ट ऐका. इंग्रजांनी खैबर रेल्वे बांधली ती अफगाणिस्तानकडून धोका वाटायचा म्हणून, सैन्य झटपट सीमेवर नेता यावं म्हणून. चौतीस बोगदे खोदले. १९२५ च्या नोव्हेंबरात गाडी लंडी कोतलपर्यंत आली, १९२६ च्या एप्रिलमध्ये पुढे लंडीखान्यापर्यंत. पण तो शेवटचा तुकडा सहा-सात वर्षंच चालला. १५ डिसेंबर १९३२ ला तो बंद झाला. म्हणजे हे तिघे ज्या स्टेशनाचा पत्ता विचारत होते, ते बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. तिघांच्याही जन्माच्या आधीची गोष्ट. ॲटलसवाल्यांनी ते पुसलं नव्हतं, एवढंच. गावातला कुणीही माणूस लंडीखान्याला जायचं म्हणून विचारणार नाही. आणि परका माणूस विचारत असेल तर त्याला सीमेपलीकडेच जायचं असणार, दुसरं काय?

तहसीलदार कचेरीतला एक कारकून तिथे होता. त्याला शंका आली. पण गंमत बघा, त्याला हे भारतीय वैमानिक असतील असं वाटलंच नाही. त्याला वाटलं, हे बंगाली आहेत. बांगलादेश झाल्यावर पश्चिम पाकिस्तानात हजारो बंगाली अडकले होते. सरकारी नोकर, सैनिक, त्यांची कुटुंबं. त्यातले बरेच याच वाटेने गुपचूप अफगाणिस्तानात निसटत होते. ज्या युद्धात आपण बांगलादेशसाठी लढलो, त्याच युद्धातले वैमानिक ‘पळून जाणारे बंगाली’ म्हणून पकडले गेले. असा योगायोग एखाद्या लेखकाने रचला असता तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच!

तिघांनी ठरलेली नावं सांगितली. परुळकर झाले फिलिप पीटर, ग्रेवाल अली अमीर, सिंहजी हॅरोल्ड जेकब. आम्ही पाकिस्तानी वायुसेनेत आहोत, फिरायला आलोय. दोघांनी ख्रिस्ती नावं का घेतली असतील, हे भार्गवांच्या कलम्याची गोष्ट वाचल्यावर वेगळं सांगायला नको.

पण तहसीलदाराला पटेना. आणि तो भाग साध्या पोलीस-कोर्टाचा नव्हता. टोळीवाल्यांचा मुलूख, तिथे पोलिटिकल एजंटचा शब्द आणि इंग्रजांच्या काळातला फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन. आत टाकलं तर कधी बाहेर येणार, येणार की नाही, कुणी विचारणारंही नाही. खोटी नावं चिकटून बसली तर तीन अनोळखी माणसं तिथल्या तिथे नाहीशी होऊ शकली असती.

परुळकरांनी त्या क्षणी जे केलं ते मला सगळ्या पलायनापेक्षा मोठं वाटतं. त्यांनी सांगितलं, स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीदना फोन लावा, ते आम्हाला ओळखतात. हमीद तोपर्यंत कॅम्प सोडून पाकिस्तानी वायुसेनाप्रमुखांचे एडीसी झाले होते. फोन लागला. हमीदने दोन मिनिटांत सगळं ओळखलं असणार. त्याने तहसीलदाराला सांगितलं, ही आमची माणसं आहेत, त्यांना सांभाळून ठेवा, धक्का लावू नका.

विचार करा. ज्याच्या कैदेतून पळालो, मदतीसाठी त्याचंच नाव घ्यावंसं वाटलं. आणि ज्याच्या कॅम्पला भोक पाडून हे निसटले, त्यानेच एका फोनवर त्यांचा जीव वाचवला. तो शत्रूच होता, आपल्या देशाशी बेइमानी त्याने केली नाही, कैदी परत कैदेत गेले. पण ते मेले नाहीत. शत्रू असणं आणि माणूस असणं यात विरोध नसतो, हे टीव्हीवर रोज रात्री युद्ध पुकारणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पुढचं थोडक्यात. तिघांना परत आणलं, एकांतवासाची शिक्षा झाली. नंतर लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, तुरुंगात इतर भारतीय कैद्यांबरोबर ठेवलं. अखेर पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल ठरली आणि १ डिसेंबर १९७२ ला हे सगळे वाघ्यावरून चालत भारतात आले. पकडल्यापासून जवळजवळ एक वर्ष.

परुळकरांना पुढे विशिष्ट सेवा मेडल मिळालं, त्यात या पलायनाचं नेतृत्व केल्याचा उल्लेख आहे. शेवटचे सात-आठ किलोमीटर राहूनही वायुसेनेने त्याला अपयश म्हटलं नाही, हे चांगलं झालं. ते एअर फोर्स अकादमीत शिकवत होते, खडकवासल्याला एनडीएत बटालियन कमांडर होते. ज्या पोरांना त्यांनी घडवलं त्यांच्यापैकी कितीतरी जण पुढे लढले असतील.

गोष्ट इथे संपवली असती तर ती छान वाटली असती. पण मी सुरुवातीला यादीबद्दल बोललो होतो.

त्याच युद्धात, पहिल्या दोन-तीन दिवसांत, शोरकोटवरच्या हल्ल्यात अजून एक सुखोई-७ पडलं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही मराठी, तेही त्याच विमानावर. लग्नाला दीड वर्ष झालेलं. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. त्या दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी पेपरात बातमी होती, की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले गेलेत. त्यात एक नाव होतं ‘फ्लाइट लेफ्टनंट टोंबे’. टोंबे नावाचा वैमानिक आपल्याकडे नव्हता.

१ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून जे आले त्यात विजय तांबे नव्हते. त्यानंतरच्या कुठल्याच यादीत नव्हते.

आपल्या सरकारने १९७९ मध्ये लोकसभेत अशा बेपत्ता सैनिकांची नावं सांगितली, तेव्हा ती ४० होती. पुढे हा आकडा ५४ म्हणून ओळखला जाऊ लागला. मेजर अशोक सुरी यांच्या घरी युद्ध संपून तीन-चार वर्षं झाल्यावर कराचीहून पत्र आलं. मेजर ए. के. घोष यांचा गजांआडचा फोटो ‘टाइम’ साप्ताहिकात छापून आला होता, असं त्यांच्या घरच्यांनी ओळखलं. पाकिस्तानने कायम हेच सांगितलं, की आमच्याकडे कुणीही नाही. २००७ च्या जूनमध्ये १४ नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवले गेले. दमयंती तांबे त्यात होत्या. कुणी सापडलं नाही.

ते तेव्हा जिवंत होते का, किती दिवस होते, याचा पुरावा म्हणावा असं काही हाती नाही. आणि हीच तर खरी शिक्षा आहे. विधवा म्हणून शोक करावा तर माणूस गेल्याचं कुणी सांगत नाही, वाट बघावी तर माणूस असल्याचं कुणी मान्य करत नाही. अशी पन्नास वर्षं.

परुळकर आणि तांबे यांच्यात फरक काय होता? शौर्याचा नव्हता. दोघेही तेच विमान घेऊन तेच काम करायला गेले. फरक एवढाच, की एकाचं नाव कैद्यांच्या यादीत चढलं, रेड क्रॉसने ते पाहिलं, घरी पत्र गेलं. एकदा नाव चढलं की माणसाला नाहीसं करणं अवघड होतं. पळाला तरी, पकडला गेला तरी, त्याचा हिशोब द्यावा लागतो. लंडी कोतलच्या त्या कचेरीत परुळकरांनी नेमकं हेच केलं. फिलिप पीटर या खोट्या नावाने गायब होण्यापेक्षा ज्याला आपलं खरं नाव माहीत आहे अशा माणसाला बोलावलं.

नंतरच्या काळातही हेच दिसतं. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ ला, एकाच दिवशी दोन वैमानिक खाली उतरले. नचिकेता पकडले गेले, जगाला कळलं, आठ दिवसांत रेड क्रॉसमार्फत परत आले. अजय आहुजा जिवंत उतरले होते, त्यांचा मृतदेह परत आला, अंगावर गोळ्यांच्या जखमा होत्या. २०१९ मध्ये अभिनंदन यांचा व्हिडिओ काही तासांत सगळ्या जगाने पाहिला, तिसऱ्या दिवशी ते घरी होते. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना त्या व्हिडिओचा राग आला होता. कैद्याचं असं प्रदर्शन करणं चूकच, जिनिव्हा करारातही ते बसत नाही. पण त्याच व्हिडिओमुळे ‘आमच्याकडे असा कुणी नाही’ म्हणायची सोयही राहिली नाही.

आणि ही फक्त सैनिकांची गोष्ट नाही. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्यात मच्छीमार असतात. गुजरातच्या बोटींवर कामाला जाणारे आपल्या पालघर, डहाणू, तलासरीकडचे आदिवासी पोरगेही असतात. समुद्रात रेषा दिसत नाही, बोट पलीकडे जाते, आणि माणूस कराचीच्या तुरुंगात. शिक्षा भोगून झाली तरी तो कुठला आहे हे कागदावर सिद्ध होईपर्यंत सुटका नाही. त्यांच्यावर सिनेमे क्वचितच निघतात. १ जुलैच्या यादीची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत येते, आपण पुढचं पान उलटतो.

परुळकरांना आदरांजली वाहायची असेल तर त्यांचा फोटो शेअर करा, चांगलंच आहे. मुलांना ही गोष्ट सांगा. जी-सूटची पखाल आणि शाळेचा ॲटलस त्यांना नक्की आवडेल. पण त्याबरोबर विजय वसंत तांबे हे नावही सांगा. परत आलेल्याचं कौतुक करायला सगळा देश असतो. न आलेल्याचं नाव निदान आपल्या तोंडी तरी राहू दे. आणि पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी दिसली, तर तिच्यातला आकडा वाचताना एवढं लक्षात असू दे, की त्या आकड्यातल्या प्रत्येक माणसाच्या घरी कुणीतरी त्याचं नाव यादीत शोधत असतं.